सावळारामचं बंद मडकं

गुऱ्हाळावर चार माणसं एकत्र आली की किस्से साठतातच. चुलाणामागं चिपाडांचा ढीग असतो, तसं. दिवसभर जाळा, संध्याकाळी तेवढाच! मी राहू गावच्या एका गुऱ्हाळावर बावीस हंगाम गुळव्या होतो. शाळा दुसरीपर्यंत. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, आणि माझा गूळ बाजारातून कधी परत आला नाही. हे आधीच सांगून ठेवतो. कारण आता सांगणार आहे ते किस्से माझे नाहीत. ते सावळारामचे आहेत.

सावळाराम आमच्या चुलाणाला जाळ घालायचा. काहिलीखालच्या भट्टीला आम्ही चुलाण म्हणतो. सकाळपासून त्याच्या तोंडाशी बसायचं आणि वाळलेली चिपाडं आत सारायची. आग कमी झाली तर पाक बसतो, जास्त झाली तर करपतो. बोलणं कमी, नजर जाळावर. बायको बाळंतपणात गेली. बैलगाडीत घालून यवतच्या दवाखान्यात नेत होता, वाटेतच गेली. मूल तेवढं वाचलं. ती मुलगी म्हणजे कमल. तिला नर्स करायची, एवढी एकच गोष्ट सावळारामनं आयुष्यात मागितली. तीही कुणाजवळ बोलला नाही. एकदा माझ्याजवळ बोलला, तेवढंच.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याचं मडकं.

जून गावरान कोंबडा. कुणाच्या दाताला दाद देणार नाही असला. त्याचे मोठे मोठे तुकडे, मीठ, हळद, ठेचलेला लसूण, लाल मिरची, चिंचेचा कोळ आणि पळीभर काकवी. पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर झाकण, झाकणाच्या कडेला ज्वारीच्या पिठाची वात करून गच्च लावलेली. हे मडकं तो सकाळी चुलाणाच्या बाजूच्या गरम राखेत गळ्यापर्यंत पुरायचा. त्याला जाळ लागायचा नाही, नुसती धग. दुपार कलली की बाहेर काढायचा. हाड दोन बोटांत धरलं की आपसूक बाहेर यायचं, स्वच्छ, धुतल्यासारखं. मग बाभळीच्या दोन काड्यांनी तो ते मांस विसकटायचा. रेषा रेषा सुटायच्या. त्या खालच्या रसात कालवायच्या, वरून परत जरा काकवी. आंबट, गोड, तिखट, आणि सगळ्याला राखेचा धुरकट वास. गरम भाकरीवर घ्यायचं. बस्स.

मधे कुणी विचारलं, "झालं का?" तर त्याचं उत्तर ठरलेलं.

"अजून व्हायचंय."

• • •

पहिला किस्सा माझ्याविरुद्ध जातो. म्हणून तो आधीच उरकतो.

सावळाराम बौद्धवाडीतला. पहिल्या हंगामात मी त्याच्या मडक्याला हात लावला नाही. कारण सांगायला नको. मी आपली भाकरी आणि कांदा घेऊन काहिलीच्या पलीकडे बसायचो. पण झाकण निघालं की वारा नेमका माझ्याकडे यायचा! एक दिवस मी डोळे मिटून, मान वर करून बसलो होतो. डोळे उघडले तर समोर सावळाराम.

"नाना, वास चालतो व्हय?"

मी कांदा फोडायला घेतला.

"वास बी त्याच मडक्यातला हाय," तो म्हणाला, आणि जाळ घालायला गेला.

शिवी दिली असती तरी चाललं असतं! दुसऱ्या दिवशी मी माझी भाकरी घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो. त्यानं वाढलं. मी खाल्लं. दोघांनी त्यावर पुन्हा कधी शब्द काढला नाही. फक्त एक झालं. त्या दिवसापासून मी एक भाकरी जास्त आणायला लागलो.

• • •

उसाच्या चरकाचं इंजिन चालवायचा दगडू. दौंडचा. तोंडानं तिखट, पोटानं अधीर. त्याला ते बंद झाकण बघवायचं नाही.

एकदा सावळाराम चिपाडं आणायला मागं गेला. दगडूनं संधी साधली. मडकं उकरलं, झाकण काढलं, एक तंगडी हाणली. अर्धी कच्ची! पण गिळली. मग झाकण परत बसवलं, आणि कडेला पीठ पाहिजे म्हणून आपल्या डब्यातली भाकरी पाण्यात कुस्करून तिचा लेप लावला. वर राख टाकली. हात पुसून इंजिनापाशी उभा, जसा काही देवळातून आलाय.

दुपारी सावळारामनं मडकं काढलं. झाकणाची कड बघितली. बोट फिरवलं. जिभेला लावलं.

"दगडू," तो म्हणाला, "मडकं सकाळी ज्वारीचं व्हतं. आता बाजरीचं कसं झालं?"

सगळ्या गुऱ्हाळात त्या दिवशी बाजरीची भाकरी एकट्या दगडूच्या डब्यात होती!

सावळाराम रागावला नाही. त्यानं कमलला हाक मारली. ती तेव्हा आठवीत असेल. शाळा सुटली की बापाजवळ येऊन पुस्तक घेऊन बसायची. झाकणाचं पीठ तीच मळायची. तिनं नवी वात वळली, बापानं लावली, मडकं परत राखेत.

"वाफ गेली," सावळाराम म्हणाला. "आता पयल्यापासनं. दिस मावळायला मिळंल."

पंधरा माणसं उपाशी! त्या दिवशी दगडूला सावळाराम वाकडा शब्द बोलला नाही. बोलले ते बाकीचे चौदा.

• • •

तालुक्याच्या कचेरीतून एक साहेब जीप घेऊन आले. तपासणी होती, कसली ते आता आठवत नाही. गुऱ्हाळाचे मालक आप्पा. ते हात जोडून पुढं. साहेबांनी मडक्याचं नाव ऐकलं होतं. खुर्ची मागवली आणि चुलाणापाशीच मांडून बसले. घड्याळ बघितलं.

"किती वेळ?"

"अजून व्हायचंय."

दहा मिनिटांनी परत विचारलं. तेच उत्तर. साहेब तापले. "अरे, आमच्या घरी कुकर आहे. तीन शिट्ट्या झाल्या की मटण तयार!"

सावळारामनं चिपाडाचा भारा आत सारला, आणि जाळाकडं बघतच म्हणाला, "सायेब, शिट्टीनं दौंडची गाडी सुटती. हाडाचं मास न्हाई सुटत."

आप्पांचा चेहरा पांढरा पडला. मी पाकात फावडं फिरवत राहिलो. हसू दाबायचं म्हणजे किती जोर लागतो!

साहेब मात्र बसले. दोन तास बसले. मग जेवले. चार भाकऱ्या. तपासणीचे कागद जीपमध्येच राहिले. जीप गेली आणि आप्पांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात जीप परत आली! आप्पांना वाटलं, कागद आठवले. पळत पुढं गेले.

साहेब खाली उतरलेच नाहीत. खिडकीतून रिकामी बाटली पुढं केली.

"जरा काकवी द्या. आणि ते किती वेळ ठेवायचं ते लिहून द्या."

लिहून कोण देणार? सावळारामला लिहिता येत नव्हतं. कमलनं वहीचं पान फाडून लिहिलं. साहेबांनी वाचलं, आणि पहिल्यांदा हसले. पानावर वेळ लिहिलेलीच नव्हती. लिहिलं होतं : 'हाड आपोआप निघेपर्यंत.'

"कुणाची मुलगी ही?" त्यांनी विचारलं.

सावळारामनं हातातली चिपाडं खाली ठेवली. नुसता उभा राहिला. जाळ सोडून उभा राहिलेला मी त्याला पहिल्यांदा बघितला.

• • •

आप्पांच्या सूनबाई पुण्याच्या. लग्नात त्यांना कुकर मिळाला होता. त्या म्हणाल्या, "एकदा होऊन जाऊ द्या. तुमचं मडकं आणि माझा कुकर."

दोन कोंबडे एकाच खुराड्यातले. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, ताट वाढलं. सकाळचे नऊ वाजले होते. मांस मऊ झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण काड्या घातल्या की त्याचा चुरा व्हायचा, रेष सुटायची नाही. आणि रस पाण्यासारखा बाजूला.

दुपारी मडकं उघडलं. सूनबाईंनी उभ्यानंच एक घास घेतला. मग खाली बसल्या. मग पदर खोचून दुसरी भाकरी घेतली.

जाताना कुकर काखेत मारला आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "मामंजी, उद्यापासून ह्यात डाळ."

बाई सरळ मनाची. हरल्यावर असं बोलायला धमक लागते. पुढं कमलच्या नर्सिंगचा अर्ज त्यांनीच भरून दिला. तो विषय निघाला की सांगायच्या, "वाट बघायची सवय त्या घरात आहेच."

• • •

हा किस्सा मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

मधे दुष्काळ पडला. तो सरला, कॅनॉलला पाणी आलं, आणि दोन हंगाम बंद पडलेलं गुऱ्हाळ पुन्हा पेटलं. पहिलीच काहील. आप्पा, गावातली माणसं, सगळे बघायला जमलेले. मी काहिलीवर. दोन वर्षं मी मजुरी केली होती, खडी फोडली होती. आज परत गुळव्या! छाती फुगली होती. आणि खाली सावळारामनं मडकं उकरून झाकण काढलं. दोन वर्षांनी तो वास आला. माझी नजर हलली. खरंच, क्षणभरच.

पाकाला तेवढा क्षण पुरतो. फुगे मोठे झाले, रंग बदलायला लागला. मला ते दिसलं तेव्हा ओरडायलाही वेळ नव्हता.

पण खाली जाळ नव्हताच! सावळारामनं माझ्या हाकेआधीच पेटती चिपाडं ओढून बाहेर काढली होती, आणि त्यावर पाणी मारत होता.

आप्पा धावले. "अरे, आग का काढली? नानानं हाक कुठं दिली?"

"नानांनी खुणावलं," सावळाराम म्हणाला.

मी खुणावलं नव्हतं. ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही. पाक उतरवला. गूळ असा पडला, सोन्यासारखा. आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ती घेतली. काय करणार?

संध्याकाळी मी विचारलं, "तुला खालनं कसं कळलं?"

"वाफंचा वास बदलला की, नाना." मग राख ओढत म्हणाला, "तुमी दुसरा वास घेत व्हता."

बावीस हंगामांत माझी नजर काहिलीवरून दोनदा हलली. ही पहिली वेळ.

• • •

कमल मॅट्रिक झाली आणि पुण्याच्या एका दवाखान्यातून पत्र आलं. नर्सिंगला नाव लागलं. तीन वर्षं तिकडंच राहायचं. हंगाम नुकताच सुरू झाला होता, सकाळी चांगली थंडी पडत होती.

गावात बोलणारे होतेच. "पोर म्हयन्यात रडत यील बघा." "दुसऱ्याची घाण काढायला कशापाई धाडतो?" सावळाराम ऐकायचा आणि जाळ घालायचा.

जायच्या दिवशी त्यानं उजाडतानाच मडकं पुरलं. लेक जेवून जाईल, हा बेत. पण पुण्याची एसटी दहाला. मडकं व्हायला दुपार! नऊ वाजले, साडेनऊ वाजले. दगडू म्हणाला, "आता काढ की, सावळा. थोडं कच्चं तर कच्चं. पोर उपाशी जाती."

"अजून व्हायचंय."

"आरं, गाडी थांबती व्हय तुझ्यासाठी?"

सावळाराम उठला. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. त्यात गरम राख भरली, मधे मडकं बसवलं, वरून परत राख. बारदानात गुंडाळलं, सुतळीनं बांधलं. आणि डोक्यावर घेऊन स्टँडवर निघाला! मागं कमल, हातात ट्रंक. मागं आम्ही सगळे. आप्पांनी त्या दिवशी चरक बंद ठेवायला सांगितला होता.

कंडक्टरनं डबा बघितला. "हे काय?"

"जेवान."

"मग धग कशाची येती?"

"जेवान चालू हाय."

"ओ बाबा, एसटीत विस्तव चालत न्हाई!"

"विस्तव कुठाय? राख हाय. हात घालून बघा."

कंडक्टरनं हात घातला नाही. सावळारामनं सुतळी सैल करून घातला. कोपरापर्यंत. तसाच ठेवला, कंडक्टरच्या डोळ्यांत बघत. धगीची कातडी होती त्याची, पण घाम मला दिसत होता.

"ठेवा, ठेवा!" कंडक्टर म्हणाला.

डबा कमलच्या पायाशी ठेवला. सावळारामनं लेकीला दुसरं काही सांगितलं नाही. नीट राहा नाही, अभ्यास कर नाही. एवढंच म्हणाला, "हडपसरच्या आत झाकण काढू नगं."

पुढचं आम्हाला कंडक्टरनं सांगितलं. थंडीचे दिवस, आणि गाडीत उबदार डबा! सगळे पाय तिकडं. यवतला उतरणारा एक म्हातारा उतरायलाच तयार होईना. पोर हडपसरपर्यंत झाकणावर हात ठेवून बसली होती, कुणाला शिवू दिलं नाही. पुण्याच्या स्टँडवर उघडलं. हाड आपसूक निघालं. ड्रायव्हर-कंडक्टर दोघांना भाकरीवर घालून दिलं, मग स्वतः खाल्लं.

"रडली का?" सावळारामनं विचारलं.

"न्हाई," कंडक्टर म्हणाला. "मी रडलो. मिरची लागली."

• • •

आठ दिवसांनी तोच कंडक्टर मडकं परत घेऊन आला. बारदानात बांधलेलं. सावळारामनं सोडलं तर झाकण बंद! कडेला ज्वारीच्या पिठाची वात, वाळून दगड झालेली. तिच्याच हातची.

"ताईंनी निरोप दिलाय," कंडक्टर म्हणाला. "नर्स झाले की मी स्वतः येऊन उघडणार. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

सावळारामनं मडकं हातात तोललं. कानाशी हलवून बघितलं. आत काहीतरी वाजलं, हलकं. त्यानं ते चुलाणाच्या वरच्या फळीवर ठेवलं आणि कोंबड्यासाठी दुसरं मडकं विकत आणलं.

मग आमचा एकच उद्योग, आत काय ते ओळखायचं. दगडू म्हणायचा, "पेढे असतील."

"पेढे तीन वर्सं टिकत्यात व्हय?"

"मग चिठ्ठी."

"चिठ्ठी वाजती का?"

रोज कुणीतरी विचारायचं, "सावळा, उघड की! बापच हाईस तू." सावळाराम फळीकडं बघायचासुद्धा नाही.

"अजून व्हायचंय."

गावातले हसायचे. म्हणायचे, लेकीनं बापाला बरं बसवलं. ते खरंच होतं. पंधरा माणसांना ज्यानं दिवस मावळेपर्यंत उपाशी बसवलं, त्याला एवढ्याशा पोरीनं तीन वर्षं बसवलं!

पहिलं वर्षही सरलं नव्हतं. शिमग्याच्या आधी दोन दिवस, दुपारच्या गाडीनं कमल आली. हातात ट्रंक. सगळं सामान. चुलाणापाशी येऊन बसली, लहानपणी बसायची त्याच जागी. चेहरा उतरलेला.

"आबा, मी आता जाणार न्हाई."

सावळारामनं चिपाडं सारली. "का?"

"वॉर्डात एक बाळंतीण गेली. माझ्यासमोर. मी कापूस धरून नुसती उभी व्हते." तिनं हात बघितले. "मला न्हाई जमायचं. आई अशीच गेली ना?"

चरक थांबला. दगडूनं इंजिन बंद केलं होतं. सगळे लांब उभे. गावातले बोलणारे खरे ठरले होते, आणि सावळारामनं मागितलेली एकच गोष्ट तिथं राखेत पडली होती. मला वाटलं, आता हा रागावेल. नाहीतर समजूत घालेल.

त्यानं दोन्ही केलं नाही. उठला. हात वर करून फळीवरचं मडकं काढलं. फडक्यानं राख पुसली, आणि लेकीच्या पुढ्यात ठेवलं.

"घे," तो म्हणाला. "उघड."

आणि परत जाळापाशी जाऊन बसला. तिच्याकडं पाठ करून.

कमलनं वातीवर नख लावलं. पिठाचा एक टवका उडाला. ती थांबली. बापाच्या पाठीकडं बघितलं. मग मडक्यावर दोन्ही तळहात ठेवून बसली, गाडीत बसली होती म्हणे तशी. किती वेळ, मला सांगता येणार नाही. माझी नजर काहिलीवर नव्हती. ही दुसरी वेळ. त्या दिवशीचा गूळ काळा पडला, आणि आप्पांनी मला विचारलंसुद्धा नाही.

शेवटी ती उठली. टाचा उंचावून मडकं परत फळीवर ठेवलं. निघालेला पिठाचा टवका उचलला, थुंकी लावून जागच्या जागी चिकटवला.

"आबा," ती म्हणाली, "अजून व्हायचंय."

सावळारामनं मान वळवली नाही.

"चारची गाडी हाय," तो म्हणाला. "ट्रंक मी घेतो."